गाणं थांबवण्याचे अधिकार

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वसाहतीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता आणि तो गाणी फार छान सुरू करायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढची हकिकत वाचून कुणाला वाटायचं की त्या मंडळींना वाजवताच येत नव्हतं. वाजवायला सगळे तयार होते. अडचण थांबायची होती.

ड्रमवर खुद्द साहेब. म्हणजे कार्यालयातले सर्वांत वरचे अभियंते, ज्यांच्या सहीशिवाय वसाहतीतला नळ बदलत नसे. गिटारवर उपअभियंता, कीबोर्डवर लेखापालबाई, आणि गायला पंपघराचे पर्यवेक्षक, ज्यांचा आवाज पंपाच्या घरघरीवर मात करून करून इतका कमावलेला होता की त्यांना माइक देणं म्हणजे विजेची नासाडी. ही झाली कायमची मंडळी. शेवटी एक गाणं अधीक्षकांच्या बायकोचं. तिला सगळी वसाहत वहिनी म्हणत असे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

गोष्ट अधीक्षकांची आहे. कार्यालयात टाचणीपासून टाकीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांना वाद्य येत नव्हतं, सूर कळत नव्हता, आणि या वर्षी स्नेहसंमेलनात ऑर्केस्ट्राची जबाबदारी मात्र त्यांनी आपण होऊन मागून घेतली होती. लोकांना वाटलं, साहेबांच्या नजरेत भरायचं असेल. तसं नव्हतं. मागच्या वर्षी सगळी गाणी लांबत लांबत गेली आणि शेवटी वहिनी माइकसमोर उभ्या राहून श्वास घेतात न घेतात तोच सभागृहाच्या रखवालदारानं मुख्य बटण खाली ओढलं. सहा वाजले होते, आणि सहाला सभागृह बंद हा नियम होता. वहिनी घरी आल्या, साडीची घडी घातली आणि म्हणाल्या, "बरंच झालं, घसा बसलाच होता माझा." घसा मुळीच बसला नव्हता. सकाळी आंघोळ करताना अधीक्षकांनी स्वतः भिंतीपलीकडून तो ऐकला होता. तीन कडव्यांचं ते गाणं तिला तिच्या आईनं शिकवलेलं, आणि चार माणसांत ती ते आजवर एकदाही गायली नव्हती. त्या घडीचं अधीक्षकांना वर्षभर वाईट वाटत राहिलं. या वर्षी काहीही होवो, सहाच्या आत तिचं गाणं झालंच पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पहिल्या तालमीला ते वही-पेन न घेता नुसते बसले, म्हणजे घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेल. पर्यवेक्षकांनी गाणं उचललं, गिटार आली, कीबोर्ड आला, साहेबांनी ताल धरला. मुखडा झाला, कडवी झाली, मुखडा पुन्हा आला. मग आणखी एकदा आला. मग आणखी. अधीक्षकांना वाटलं, गाणंच तसं असेल. शेवटी चहा आला तेव्हा सगळे थांबले, आणि तेही एकेक करून, जसा ज्याला कप मिळाला तसा.

नंतर त्यांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं.

"साहेब वाजवतायत तोवर मी कसा थांबणार?" उपअभियंता म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

"सगळ्यांचं बंद झाल्याशिवाय मी बंद करत नाही," लेखापालबाई म्हणाल्या. "कुणाचं तरी मागे राहिलं तर?"

पर्यवेक्षक म्हणाले, "वाद्यं चालू आहेत म्हणजे गाणं चालू आहे. मी मध्येच गप्प बसलो तर लोक म्हणतील, शब्द विसरला."

साहेबांना विचारायचं म्हणजे केबिनमध्ये जाणं आलं. अधीक्षक दुसऱ्या दिवशी फायलींच्या गठ्ठ्यामागून हळूच म्हणाले, "साहेब, ते गाणं संपण्याचं जरा..."

"मी कशाला संपवू?" साहेब म्हणाले. "मी साहेब आहे म्हणून वाद्यवृंदातही हुकूमत गाजवतो असं व्हायला नको. तिथं मी साधा वादक. तुम्ही सगळे थांबलात की मी थांबतो."

झालं. सगळे एकमेकांचा मान राखत होते आणि गाणं मधल्यामध्ये लोंबकळत होतं.

शेजारच्या आजोबांना हे कळल्यावर ते सल्ला द्यायला स्वतः चालत आले. ते निवृत्त होते आणि आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते, त्यामुळे संगीतातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. "कार्यक्रम कसा घट्ट पाहिजे," ते म्हणाले. "रेडिओवर कधी कुणी खुर्ची सरकवल्याचा आवाज ऐकलात? 'थांबा हं, माझी तार उतरलीय' असं ऐकलंत? वाद्यं आधी लावून ठेवायची. वायरी चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवायच्या. कोणाच्या मागे कोण, हे ज्याच्या त्याच्या पायाशी लिहून ठेवायचं. एक गाणं संपलं की टाळी विरायच्या आत दुसरं. आणि सुरुवात कुणी करायची, शेवट कुणी करायचा, हे ठरलेलं पाहिजे. बाकी मग गायलात कसंही तरी चालतं."

यातलं बहुतेक सगळं अधीक्षकांच्या हातातलं होतं. त्यांनी चिकटपट्टी आणली. लेखापालबाईंचा कीबोर्ड, जो दर वर्षी ऐनवेळी कुणाच्या तरी पायानं बंद पडायचा, त्याची वायर त्यांनी गुडघ्यांवर बसून भिंतीपर्यंत चिकटवली. गाण्यांचा क्रम लिहून चौघांच्या पायाशी डकवला. राहिला शेवट. त्यावर त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं, म्हणजे परिपत्रक काढलं. विषय: गाणे समाप्त करण्याबाबत. सर्व वादकांनी सक्षम प्राधिकाऱ्याचा इशारा मिळताच वादन एकाच वेळी थांबवावे. चौघांनी ते वाचून पोच दिली. पुढच्या तालमीत गाणं पूर्वीइतकंच चाललं, कारण सक्षम प्राधिकारी कोण हे लिहायचं राहिलं होतं. साहेबांना वाटलं, गायक. गायकाला वाटलं, साहेब. उपअभियंत्याला वाटलं, तो वेगळ्या आदेशानं कळवला जाईल.

"अहो, तुम्हीच करा ना खूण," वहिनी पोळपाट धुता धुता म्हणाल्या. "समोर बसा आणि हात वर करा."

"साहेबांना?" अधीक्षक म्हणाले. "साहेबांना हात दाखवून थांब म्हणू? माझा गोपनीय अहवाल कोण लिहितं, ठाऊक आहे ना?"

"मग असं काहीतरी करा की ज्याचा कुणाला राग यायचं कारण नाही."

विचार करता करता त्यांनी चष्मा काढला आणि त्यांना उत्तर सापडलं. चष्मा काढण्यात कुणाचा अपमान नव्हता. माणूस घरात, कचेरीत, साहेबांच्या देखतसुद्धा चष्मा काढतो. ठरलं. अधीक्षक पहिल्या रांगेत मधोमध बसणार, गाणं शेवटच्या मुखड्याला आलं की चष्मा काढणार, आणि ती ओळ संपताच सगळे थांबणार. तालमीत हे इतकं सुरेख जमलं की पहिल्यांदा गाणं एकदम थांबल्यावर सगळे जण दचकून एकमेकांकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "उत्तम. आता वाटतोय खरा ऑर्केस्ट्रा." अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथं राहिला नाही. कार्यक्रम दोन दिवसांवर आला आणि भांडारातून ध्वनिक्षेपकाचा संच घ्यायला गेल्यावर कळलं की तो आपत्कालीन साहित्यात नोंदलेला आहे. जलवाहिनी फुटली तर लोकांना सूचना देण्यासाठी. आपत्ती असल्याशिवाय तो बाहेर काढता येत नव्हता.

"मग आता?" अधीक्षकांनी भांडारपालाला विचारलं.

"आपत्ती जाहीर करा," भांडारपाल शांतपणे म्हणाला. "साहेबांची सही आणा. कार्यक्रम झाला की आपत्ती मागे घ्या. दर वर्षी बाहेरून संच भाड्यानं आणता आणि खर्च जादा वीज म्हणून दाखवता, त्यापेक्षा हे सोपं."

साहेबांनी सही केली. आपत्ती जाहीर झाल्यावर काय काय आपोआप होतं, हे कुणी वाचलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी अधीक्षक खुर्च्या मांडत असताना पाण्याचा टँकर आणि शिरस्त्राणं घातलेलं आपत्कालीन पथक सभागृहाच्या दारात हजर झालं. पथकप्रमुखाला किती समजावलं, पण आपत्ती मागे घेतल्याचा आदेश हातात पडेपर्यंत त्याला जागा सोडता येत नव्हती, आणि तो आदेश सुट्टीच्या दिवशी निघत नव्हता. शेवटी त्या सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शिरस्त्राणं काढायला ते तयार नव्हते. मधोमध अधीक्षक बसले, दोन्ही बाजूंना पिवळी शिरस्त्राणं. मागच्यांना वाटलं, मोठे कुणी पाहुणे आलेत.

आणि कार्यक्रम सुरू झाला, तो मात्र अगदी वेळेवर. पहिलं गाणं उत्तम गेलं. शेवटच्या मुखड्याला अधीक्षकांनी चष्मा काढला, चौघे एका क्षणात थांबले, टाळ्या पडल्या. दुसरं गाणंही तसंच. वसाहतीला हे नवीन होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "या वर्षी बाहेरून माणसं आणलीत का?"

तिसऱ्या गाण्याच्या पहिल्याच कडव्यात अधीक्षकांना घाम आला. सभागृहातले पंखे ध्वनिक्षेपकात घोंघावतात म्हणून त्यांनीच बंद करायला लावले होते. घाम भुवईवरून काचेवर उतरला, समोरचे साहेब धूसर झाले, आणि अधीक्षकांनी जन्माच्या सवयीनं चष्मा काढून रुमालानं पुसला. गाणं जागच्या जागी थांबलं. पर्यवेक्षकांचा एक शब्द अर्धाच बाहेर आला होता, उरलेला त्यांनी गिळला. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आजोबा मागच्या रांगेतून पुढे वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "व्वा. लोकांना आणखी हवं असतानाच तोडलंत. याला म्हणतात घट्टपणा."

चौथ्या गाण्याला ते चष्म्याला हात लावणार नाहीत असं मनाशी ठरवून बसले. घाम डोळ्यांत गेला, चुरचुरलं, त्यांनी सोसलं. तेवढ्यात शेजारच्या पथकप्रमुखानं टाळ्या वाजवण्याच्या तयारीत कोपर उचललं, ते त्यांच्या कानशिलाला लागलं आणि चष्मा मांडीवर पडला. तेही गाणं संपलं, सुरू झाल्या झाल्या. त्याला तर लोक उभे राहिले.

आता शिल्लक राहिलेलं एकच गाणं, वहिनींचं, आणि सहाला चांगला अर्धा तास बाकी. वहिनी पडद्याच्या कडेला तीच साडी नेसून उभ्या होत्या. अधीक्षकांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं आणि त्यांनी पाय लांब केले.

साहेब ड्रममागून पुढे वाकले. "अधीक्षक, वेळ आहे ना बराच? अनायासे वेळ वाचलाय, तर वहिनींच्या आधी मी थोडं एकट्यानं वाजवतो. लोकही आज खुशीत आहेत."

साहेबांना नाही म्हणायची पद्धत त्या कार्यालयात नव्हती. "हो साहेब," अधीक्षक म्हणाले.

साहेबांनी बाह्या सरसावल्या, मान हलवली आणि डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. डोळे मिटले म्हटल्यावर अधीक्षकांचा चष्मा त्यांना दिसणार कसा? तरीही थोड्या वेळानं अधीक्षकांनी तो काढला. मग घातला. मग पुन्हा काढला. एकदा तर काढून हातात उंच धरला. पथकप्रमुखानं विचारलं, "काही दिसत नाहीये का तुम्हाला?" साहेब वाजवत होते. सुरुवातीला लोकांनी टाळ्या दिल्या, मग मान डोलावली, मग पोरं खुर्च्यांखालून पळू लागली. उपअभियंता गिटार गळ्यात अडकवून आदरानं उभा होता. लेखापालबाई कीबोर्डवर बोटं ठेवून हिशेब लागायची वाट बघत होत्या. दाराशी रखवालदार उठला, घड्याळाकडे बघितलं आणि मुख्य बटणाच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला.

अधीक्षकांनी पडद्याकडे बघितलं. वहिनींनी पदर खांद्यावरून नीट केला आणि त्यांच्याकडे पाहून किंचित हसल्या. म्हणजे, असू दे. घसा बसला म्हणू या, असं हसणं. ते हसू त्यांना सहन झालं नाही. गोपनीय अहवाल, बढती, निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि तरी ते उठले. त्यांच्या आयुष्यात असं धाडस त्यांनी याआधी केलेलं नव्हतं, नंतरही करायची वेळ आली नाही. ते व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढले, आपणच चिकटवलेल्या वायरींवरून जपून पाय टाकत ड्रमपाशी गेले, आणि त्यांनी साहेबांची मोठी पितळी झांज दोन्ही हातांनी घट्ट धरली.

साहेबांनी झांजेवर काठी मारली. खणखणायच्या जागी बद्द असा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली, ती अधीक्षकांच्या बोटांवर बसली. अधीक्षकांनी सोडली नाही. साहेबांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"साहेब," अधीक्षक म्हणाले, आणि आवाज आपलाच आहे का अशी त्यांना शंका आली, "पुढचं गाणं आमच्या घरचं आहे."

सभागृहात टाचणी पडली असती तर पथकानं धाव घेतली असती, इतकं शांत झालं. साहेबांनी झांजेकडे बघितलं, अधीक्षकांच्या बोटांकडे बघितलं, मग दाराशी उभ्या रखवालदाराकडे. "बरोबर आहे," ते म्हणाले. "या वहिनी."

वहिनी आल्या आणि गायला लागल्या. अधीक्षकांनी खाली उतरायला हवं होतं. पण झांज सोडली आणि साहेबांना पुन्हा हुरूप आला तर? म्हणून ते अर्धवट वाकून, झांज धरून तसेच उभे राहिले आणि साहेबांच्या काठ्यांवरची नजर त्यांनी एक क्षणही हलवली नाही. काठ्या आज काही वेगळंच करत होत्या. अलगद उठायच्या, हवेत थांबायच्या, वहिनींनी श्वास घेतला की खाली यायच्या. असं त्यांनी साहेबांना कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. मग काठ्या एकदम ड्रमवर आडव्या झाल्या, गिटार आणि कीबोर्डही त्याच क्षणी गप्प झाले, आणि टाळ्यांवरून अधीक्षकांना कळलं की गाणं संपलं. खूण कुणीच केली नव्हती. रखवालदारानं बटण खाली ओढलं तेव्हा लोक अजून टाळ्या वाजवत होते.

अंधारात चपला शोधताना साहेब त्यांच्या शेजारी आले.

"अधीक्षक, तुम्ही माझी झांज धरलीत."

"हो साहेब."

"सगळ्या वसाहतीसमोर."

"हो साहेब." अधीक्षकांची पाचावर धारण बसली.

"जरा लवकर धरायचीत," साहेब मनगट चोळत म्हणाले. "हात भरून आले होते माझे. कुणीतरी थांबा म्हणेल म्हणून मघापासून वाट बघत होतो. तुम्ही सगळे आपले गप्प."

घरी आल्यावर वहिनींनी दिव्याखाली त्यांचा हात धरून बघितला. तीन बोटं सुजली होती. त्यांनी पातेल्यात पाणी गरम करत ठेवलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर त्यांना बसवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "कसं झालं माझं गाणं?"

छान झालं म्हणणं सोपं होतं. पण आठवून बघितलं तर सगळ्या गाण्यातला एक शब्द त्यांच्या कानात नव्हता, एक सूर नव्हता. होत्या त्या फक्त साहेबांच्या दोन काठ्या.

"मी ऐकलंच नाही गं," ते म्हणाले. "साहेब पुन्हा सुरू करतील म्हणून त्यांच्या हातांकडेच बघत होतो. सबंध वर्ष ज्याच्यासाठी धडपडलो, तेच ऐकायचं राहिलं."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग गॅस बारीक केला, त्यांच्या समोर दुसरं स्टूल ओढलं आणि पदराला हात पुसून त्यावर बसल्या.

"पाण्यात हात बुडवून ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि तीन कडवी आहेत, मध्येच उठायचं नाही." आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून गायला सुरुवात केली.